पंपावरून उतरताना

हृदयाच्या शस्त्रक्रियेत शेवटचा टाका पडला की काम फत्ते, असा आपला समज असतो. ऑपरेशन थिएटरमध्ये खरी धाकधूक तिथून पुढे सुरू होते. बऱ्याच शस्त्रक्रियांत पोटॅशियमचं द्रावण सोडून हृदय तासभर किंवा त्याहून जास्त वेळ चक्क थांबवून ठेवलेलं असतं. तेवढा वेळ शरीर चालतं हार्ट-लंग मशीनवर, थिएटरच्या बोलीत 'पंपावर'. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात या यंत्राच्या मदतीने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. पंपावरून पेशंटला सुखरूप उतरवणं हा मात्र अजूनही जोखमीचा टप्पा आहे.

महाधमनीवरचा चिमटा काढला की रक्त आत शिरतं, पोटॅशियम धुऊन निघतं आणि हृदय पुन्हा धडधडू लागतं. पण धडधडणं वेगळं आणि अंगभर रक्त ढकलणं वेगळं. इतका वेळ रक्तावाचून राहिलेला स्नायू मेलेला नसतो, पण सुन्न झालेला असतो. आधीच कमजोर हृदय असेल, तर ते इथे हमखास अडखळतं. मग हृदयाला जोर देणारी औषधं थेंबाथेंबाने सोडणारे सिरिंज पंप सुरू होतात.

मात्रा बघा. साठ किलोच्या माणसाला ॲड्रेनालिन मिनिटाला किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅम या वेगाने दिलं, तर एक मिलिग्रॅमची इवलीशी ॲम्प्यूल साडेपाच तास पुरते. एवढ्याशा औषधाने स्नायूच्या पेशीत शिरणारं कॅल्शियम वाढतं. हे कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि स्नायू जोरात आकसतो. डोब्युटामिन या दुसऱ्या औषधाचा मार्गही हाच. मिलरिनोन आडवाटेने तिथेच पोचतं: ॲड्रेनालिनचा निरोप पेशीत पुढे नेणारा रेणू मोडणाऱ्या एन्झाइमलाच ते अडवतं. त्यामुळे पेशंट ॲड्रेनालिनचा परिणाम रोखणारं बीटा-ब्लॉकर घेत असला तरी ते लागू पडतं. मात्र रक्तवाहिन्या सैलावून बीपी घसरतं, म्हणून जोडीला अनेकदा रक्तवाहिन्या आवळणारं नॉरॲड्रेनालिन लावावं लागतं. एका औषधाचं निस्तरायला दुसरं, हे इथे नेहमीचंच.

खरी किंमत वेगळीच आहे. आत आलेलं कॅल्शियम दर ठोक्याला परत उपसून काढायला ऊर्जा लागते, प्राणवायूची भूक वाढते, ठोके बेताल होऊ शकतात. थकलेल्या बैलाला पराणी टोचली तर गाडी चढ चढते, पण बैलाची ताकद वाढत नाही.

म्हणूनच फिनलंडमध्ये तयार झालेल्या लेव्होसिमेंडान या औषधावर मोठी आशा होती. ते कॅल्शियम फारसं न वाढवता आहे त्याच कॅल्शियमला ट्रोपोनिनची दाद वाढवतं. शिवाय शरीरात त्याचा एक सक्रिय अंश बनतो, त्यामुळे एकदा दिलं की परिणाम आठवडाभरही टिकतो. कागदावर देखणं औषध! २०१७ मध्ये तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. कमजोर हृदयाच्या ८००हून अधिक रुग्णांवरच्या एका चाचणीत मृत्यू, हार्ट अटॅक, डायलिसिस किंवा यांत्रिक आधार यांपैकी काहीतरी घडलेल्यांचं प्रमाण औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत २४.५ टक्केच निघालं. ५०६ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत तीस दिवसांतले मृत्यू औषध मिळालेल्यांत १२.९ टक्के, न मिळालेल्यांत १२.८. तिसरीनेही निराशाच केली. पहिल्या चाचणीत रक्ताभिसरण सुधारलेलं दिसलं, इतर औषधं कमी लागली, हे खरं. पण मॉनिटरवरचा आकडा सुधारणं म्हणजे माणूस वाचणं नव्हे, आणि हा फरक औषधांच्या जाहिरातीत सोयीने विसरला जातो.

त्यामुळे अनुभवी भूलतज्ज्ञ औषधाला हात घालण्याआधी अन्ननलिकेतून घातलेल्या इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, नजर टाकतात. हृदय खरंच कमजोर पडलंय, की नुसतं रिकामं आहे? रिकामं असेल तर रक्त किंवा सलाईन द्यायचं. ठोके मंद असतील तर पेसिंग, म्हणजे विजेच्या हलक्या झटक्यांनी ठोके वाढवणं. उजवी बाजू फुगली असेल तर फुप्फुसांतला दाब उतरवायचा. एवढं करून औषध लागलंच, तर कमीत कमी मात्रेत. दोन-तीन औषधं चढ्या मात्रेत चालू असूनही हृदय उचल घेत नसेल, तर आणखी टोचण्यापेक्षा बलून पंप (महाधमनीत फुगणारा-मिटणारा फुगा) किंवा एक्मो (शरीराबाहेरून रक्त फिरवणारं यंत्र) लावून त्याला विश्रांती दिलेली बरी. सुन्न स्नायू बहुधा एक-दोन दिवसांत सावरू लागतो. आयसीयूबाहेर 'पेशंट सपोर्टवर आहे' असं कानावर पडलं, तर तो सपोर्ट म्हणजे व्हेंटिलेटर की ही औषधं, आणि मात्रा कालच्यापेक्षा चढतेय की उतरतेय, एवढं डॉक्टरांना जरूर विचारावं.