एन्चँटेड टिकी रूम

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम येथे असलेल्या डिस्नीलँड या मनोरंजन उद्यानातील यांत्रिक पक्ष्यांचा संगीतमय खेळ. ॲडव्हेंचरलँड विभागात २३ जून १९६३ रोजी तो सुरू झाला. ध्वनिफितीच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या-बोलणाऱ्या आकृत्यांच्या तंत्राला डिस्नीने ‘ऑडिओ-ॲनिमॅट्रॉनिक्स’ असे नाव दिले. त्या तंत्रावर उभा राहिलेला हा पहिला संपूर्ण खेळ. पुढच्या काळात अशा आकृत्यांचे जेवढे खेळ झाले, त्यांचे मूळ शोधायला याच गवताने शाकारलेल्या दालनात यावे लागते.

डिस्नीलँडचे संस्थापक वॉल्ट डिस्नी यांनी न्यू ऑर्लीन्समध्ये चावीवर गाणारा एक जुना यांत्रिक पक्षी विकत घेतला होता. तो त्यांनी आपल्या कारागिरांकडे सोपवला आणि उघडून आतली रचना समजून घ्यायला सांगितले. दुसरीकडे, उद्यानात दक्षिण सागरी (पॅसिफिक महासागरातील) बेटांच्या धर्तीवर एक उपाहारगृह काढायचे ठरत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत त्या बेटांचे मोठे वेड पसरले होते आणि १९५९ मध्ये हवाई हे राज्य झाल्यावर त्याला आणखी भर आला. डिस्नीचे चित्रकार जॉन हेंच यांनी काढलेल्या चित्रात टेबलांच्या वर पक्ष्यांचे पिंजरे टांगलेले होते. खरे पक्षी जेवणाऱ्यांच्या ताटात घाण करतील, अशी शंका डिस्नी यांनीच काढली. मग पक्षी यांत्रिक करायचे ठरले, आणि ते इतके रंगले की जेवणच मागे पडले. लोक गाणी ऐकत बसतील, टेबले लवकर मोकळी होणार नाहीत, हे लक्षात आल्यावर उपाहारगृहाचा बेत सोडून देण्यात आला. दालनाच्या मधोमध आज कारंजे आहे, त्या जागी मुळात कॉफीची सोय व्हायची होती.

दीडशेहून अधिक पक्षी, फुले, ढोलकरी आणि ‘टिकी’ म्हणजे कोरीव देवमूर्ती यात गातात, वाजवतात. सूत्रसंचालन चार पोपटांकडे आहे : होसे, मायकेल, पिएर आणि फ्रिट्झ. त्यांचे उच्चार अनुक्रमे स्पॅनिश, आयरिश, फ्रेंच आणि जर्मन वळणाचे. होसेला वॉली बोग यांनी आवाज दिला, तर मायकेलला फुल्टन बर्ली यांनी. दोघेही डिस्नीलँडच्याच रंगमंचावर रोज प्रेक्षकांना हसवणारे कलावंत. त्यांचा हजरजबाबीपणा पोपटांच्या बोलण्यात पुरेपूर उतरला आहे. सुरुवातीला खेळ पाहणाऱ्यांना हे सारे काय चालले आहे ते नीट उमगेना. तेव्हा गीतकार-संगीतकार शर्मन बंधूंनी कॅलिप्सो या कॅरिबियन चालीवर एक गाणे बांधले आणि त्यातच दालनाची ओळख करून दिली. धृपद एवढे सोपे की दुसऱ्या वेळेपासून मुले सोबत गाऊ लागतात. शेवटी देव कोपतात, विजा कडाडतात आणि खिडक्यांबाहेर पाऊस कोसळतो.

कळसूत्री बाहुलीला दोरी असते. इथे त्या दोरीचे काम चुंबकीय फितीने केले. फितीवर गाण्याबरोबरच नियंत्रणाचे स्वर मुद्रित केलेले असत. ठरावीक स्वर आला की विद्युत्‌मंडल जोडले जाई, झडप उघडे आणि हवेच्या दाबाने चोच हले. आवाज आणि हालचाल एकाच फितीवरून निघत असल्याने चोच कधी गाण्याच्या मागे पडत नसे. ही यंत्रणा तापू नये म्हणून इमारत वातानुकूलित करावी लागली. डिस्नीलँडमधली ही पहिली वातानुकूलित इमारत, आणि उन्हाने दमलेल्या पाहुण्यांना त्याचे अप्रूप वेगळेच.

सर्वांत अवघड ठरली ती पक्ष्यांची छाती. श्वास घेताना पिसे चिकटवलेले कापड ताणले जाई आणि मध्ये फटी दिसत. हॅरिएट बर्न्स या कारागीर एका बैठकीत डिस्नी यांच्या निळ्या काश्मिरी लोकरीच्या स्वेटरकडे पाहत होत्या. कोपर वाकले की स्वेटर त्याच्यासोबत सुरेख वळत होता. तसेच कापड मुद्दाम विणून घेतले आणि पक्षी बिनफटीचे श्वास घेऊ लागले. या खेळातला जिवंतपणा यंत्राइतकाच अशा पारखी नजरेतून आलेला आहे.

बाहेरच्या बागेतील मूर्ती डिस्नीचे रचनाकार रॉली क्रम्प यांच्या कल्पनेतल्या. माउई, तांगारोआ, रोंगो, पेले ही नावे पॉलिनीशिया या पॅसिफिकमधील द्वीपसमूहातील वेगवेगळ्या बेटांच्या दैवतकथांतून घेतलेली आहेत. निरनिराळ्या लोकांची श्रद्धास्थाने एकाच बागेत सरमिसळ करून मांडणे हा या निर्मितीचा उणा भाग आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे.

सुरुवातीला खेळाचे ७५ सेंटचे तिकीट वेगळे घ्यावे लागे, कारण मालकी डिस्नी यांच्या स्वतंत्र ‘डब्ल्यूईडी एंटरप्रायझेस’ या संस्थेकडे होती. प्रवेशद्वाराशी एक पोपट येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारत असे. त्याला पाहायला इतके लोक थबकत की अरुंद वाट तुंबू लागली. शेवटी तो काढावा लागला. प्रायोजक आधी युनायटेड एअरलाइन्स होते, १९७६ पासून अननसवाली डोल कंपनी.

फ्लोरिडातील मॅजिक किंगडम या डिस्नीच्या उद्यानात १ ऑक्टोबर १९७१ रोजी आणि टोकियोच्या डिस्नीलँडमध्ये १९८३ मध्ये याच्या आवृत्त्या आल्या. टोकियोतील खेळात २००८ पासून ‘लिलो अँड स्टिच’ या चित्रपटातले स्टिच हे पात्र आले. फ्लोरिडात १९९८ मध्ये ‘अलादीन’ चित्रपटातला पोपट इयागो आणि ‘द लायन किंग’मधला पक्षी झाझू यांना दालनाचे नवे मालक म्हणून आणले. इयागो जुन्या गाण्याची टर उडवी, ती मूळ खेळावर जीव असलेल्यांना कधीच रुचली नाही. जानेवारी २०११ मध्ये तिथे लहानशी आग लागून इयागोच्या आकृतीची हानी झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दालन पुन्हा उघडले ते होसे, मायकेल, पिएर आणि फ्रिट्झ यांच्याच आवाजात, जुना खेळ थोडा आटोपशीर करून.