मटेरिअल्स इंजिनिअरिंग (पदवी शिक्षण)

धातू, सिरॅमिक, प्लॅस्टिक आणि संमिश्र पदार्थ यांची आतली रचना, ती घडवणारी प्रक्रिया आणि त्यातून येणारे गुणधर्म यांचा अभ्यास करणारी अभियांत्रिकीची शाखा. बी.टेक.चा अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा असतो. जुने नाव धातुशास्त्र किंवा मेटलर्जी. बऱ्याच ठिकाणी दोन्ही नावे जोडून वापरतात.

महाराष्ट्रात ही पदवी पुण्याच्या सीओईपीत, नागपूरच्या व्हीएनआयटीत आणि पवईच्या आयआयटीत घेता येते. पहिले वर्ष सगळ्या शाखांसारखेच गणित, भौतिकी, रसायन, ड्रॉइंग आणि वर्कशॉपचे. शाखेचे खरे विषय दुसऱ्या वर्षापासून सुरू होतात: स्फटिकरचना, उष्मागतिकी, प्रावस्था आकृत्या (कोणत्या तापमानाला आणि मिश्रणाला पदार्थ कोणत्या रूपात असतो ते दाखवणारे आलेख), पुढे उष्णतोपचार, ओतकाम, गंज आणि बिघाड-विश्लेषण. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला यातले बरेचसे घराजवळच पाहायला मिळते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले इथल्या फाउंड्र्यांत ग्रे आयर्न (पापुद्र्यांसारखा ग्राफाइट असलेले ओतीव लोखंड) आणि एसजी आयर्न (गोल गाठींसारखा ग्राफाइट असलेले) यांची ओतकामे होतात. उन्हाळी सुट्टीतले प्रशिक्षण तिथे घेतले, तर वर्गात शिकलेली आकृती भट्टीपाशी जिवंत होते.

ती आकृती म्हणजे लोह-कार्बन आकृती. ७२७ अंश सेल्सिअस आणि सुमारे ०.८ टक्के कार्बन (युटेक्टॉइड), तसेच ११४७ अंश आणि ४.३ टक्के (युटेक्टिक, म्हणजे सर्वांत कमी तापमानाला वितळणारे मिश्रण), हे दोन बिंदू तोंडपाठ असावेच लागतात. ओतीव लोखंडात सिलिकॉन आणि फॉस्फरसही असल्याने फाउंड्रीत कार्बन तुल्यांक काढतात: कार्बन अधिक, सिलिकॉन व फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा भाग. ३.४ टक्के कार्बन, २.१ टक्के सिलिकॉन आणि ०.०६ टक्के फॉस्फरस असेल तर तुल्यांक ४.१२ येतो. तो बराच खाली गेला आणि ओतकामाची भिंत पातळ असली, की कार्बन ग्राफाइट होण्याऐवजी सिमेंटाइटमध्ये, म्हणजे लोह आणि कार्बनच्या कडक संयुगात, अडकतो. कडा पांढरी आणि काचेसारखी कडक होते आणि मशीनवर लावताच टूलची टिप उडते. म्हणून ओतण्यापूर्वी पाचरीच्या आकाराचा तुकडा ओतून, मोडून, त्याच्या पांढऱ्या टोकाची रुंदी मोजतात.

अभ्यासक्रमाचा कणा मात्र सूक्ष्मदर्शकाखालचे नमुना-परीक्षण. नमुना स्वतःच्या हाताने तयार केल्याशिवाय ही शाखा समजत नाही. सुमारे १५ ते २० मिलिमीटरचा तुकडा कूलंट सोडत कापायचा. कोरडा कापला तर उष्णतेनेच रचना बदलते, आणि पाणी दिलेल्या (तापवून झटकन थंड करून कडक केलेल्या) पोलादात तर हमखास. मग बेकेलाइट या कडक प्लॅस्टिकमध्ये बसवून १२०, २२०, ४००, ६०० या क्रमाने एमरी कागदावर घासायचा. प्रत्येक कागदावर नमुना ९० अंशांत फिरवायचा आणि आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्यावरच पुढे जायचे. मधे नमुना आणि हात धुतले नाहीत, तर जाड कण पुढच्या कागदावर येतो आणि शेवटच्या पॉलिशनंतर एकच खोल ओरखडा मिरवतो. शेवटी कापडावर ॲल्युमिनाच्या बारीक पुडीने पॉलिश. इथे घाई केली की ग्राफाइट उपटून निघतो आणि त्याचे खड्डे ब्लो होलसारखे (ओतकामात वायू अडकून पडलेल्या पोकळ्यांसारखे) भासतात. फार वेळ घासला तर ग्राफाइटमागे धूमकेतूच्या शेपटीसारख्या रेघा उठतात.

ग्राफाइटचा आकार रसायन न लावताच १०० पट विशालनात पाहायचा. त्यानंतर नायटल: ९८ मिलिलिटर इथेनॉलमध्ये २ मिलिलिटर नायट्रिक आम्ल, आम्ल नेहमी अल्कोहोलमध्ये हळूहळू घालायचे. काही सेकंदांत चकाकी मंदावली की लगेच पाण्याने, मग अल्कोहोलने धुऊन गरम हवेत वाळवायचे. जास्त वेळ ठेवले तर पर्लाइट (लोह आणि सिमेंटाइटच्या पातळ थरांची रचना) काळाकुट्ट होऊन थर दिसेनासे होतात. मग पुन्हा कापडावर जाण्याखेरीज उपाय नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडा ठेवलेला नमुना दुसऱ्या दिवशी गंजलेला मिळतो. तो सिलिका जेल घातलेल्या बंद भांड्यात ठेवावा.

एसजी आयर्नमध्ये ग्राफाइट गोल गाठींसारखा दिसायला हवा. त्यासाठी लोखंडात साधारण ०.०३ ते ०.०५ टक्के मॅग्नेशियम शिल्लक राहावे लागते. मॅग्नेशियम लॅडलमध्ये (वितळलेले लोखंड वाहून ओतण्याच्या भांड्यात) उडून आणि गंधकाशी संयोग पावून सतत घटत असते, त्यामुळे प्रक्रियेनंतर साधारण दहा मिनिटांत ओतणे उरकावे लागते. म्हणून ओळीतल्या शेवटच्या मोल्डचा नमुना मुद्दाम तपासावा: गाठींऐवजी किड्यांसारखे आखूड तुकडे दिसले, तर दोष लॅडल ओतण्याआधी फार वेळ थांबवल्याचा आहे. नमुन्यावर हीट नंबर (भट्टीतल्या त्या खेपेचा क्रमांक) आणि ओतकामातली नेमकी जागा लिहिलेली नसेल, तर हे निदान करताच येत नाही.

कठीणपणा मोजताना ओतीव लोखंडासाठी ब्रिनेल चाचणी घेतात: १० मिलिमीटरची गोळी, ३००० किलोग्रॅम भार. रॉकवेलचा ठसा इतका लहान की तो ग्राफाइटवर पडला तर आकडा खाली येतो, धातूवर पडला तर वर जातो. ब्रिनेलचा मोठा ठसा दोन्हींची सरासरी देतो.

लोखंडापलीकडे पाहायचे, तर चांदीच्या दागिन्यांचे गाव हुपरी कोल्हापूरजवळच आहे. तार ओढत गेले की चांदी कडक होते आणि पुढे तुटते. कारागीर ती तापवून मऊ करतो. तेव्हा आत नवे, ताणरहित स्फटिक तयार होतात; अभ्यासक्रमात या बदलाला पुनर्स्फटिकीकरण म्हणतात. चांदी-तांब्याची जोडी तर प्रावस्था आकृतीचे नेहमीचे उदाहरण आहे: सुमारे २८ टक्के तांबे असलेले मिश्रण ७७९ अंशांना वितळते, शुद्ध चांदी मात्र ९६२ अंशांना. दागिना न वितळता त्याचा जोड झाळता येतो, तो या फरकामुळेच.