कॉन्टॅक्ट लेन्सचे फिटिंग (नाशिक)

कॉन्टॅक्ट लेन्सचे फिटिंग म्हणजे बुबुळाचे माप घेऊन, डोळ्याची प्रकृती तपासून आणि चाचणीची लेन्स प्रत्यक्ष डोळ्यात घालून त्या माणसाला सोसेल अशी लेन्स ठरवण्याची वैद्यकीय प्रक्रिया. कॉन्टॅक्ट लेन्सला ‘स्पर्शभिंग’ असा मराठी शब्द आहे. नाशिकमध्ये मात्र दवाखान्यापासून कॉलेज रोडच्या कट्ट्यापर्यंत सगळे ‘लेन्स लावणे’ असेच म्हणतात. डोळा तपासून लेन्स चालेल की नाही हे डोळ्यांचे डॉक्टर ठरवतात. मापे घेणे, लेन्स घालून पाहणे आणि शिकवणे हे काम बहुधा त्यांच्याकडचे ऑप्टोमेट्रिस्ट करतात.

नंबर आणि माप : चष्म्याची चिठ्ठी असली की लेन्स घेता येते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. चष्म्याची काच बुबुळापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असते, तर लेन्स बुबुळावरच्या अश्रूंच्या थरावर तरंगते. हे अंतर मिटले की नंबर बदलतो. उणे २-३ पर्यंत फरक जाणवत नाही, पण ४ च्या पुढे गणित करावेच लागते : चष्म्याचा उणे ६ लेन्समध्ये उणे ५.५० च्या आसपास येतो, उणे ८ चा सुमारे उणे ७.२५ होतो. नंबर अधिक चिन्हाचा (प्लस) असेल तर तो उलट वाढतो.

शिवाय नंबर हे काम अर्धेच. सॉफ्ट लेन्सच्या डबीवर नंबराजवळ आणखी दोन आकडे छापलेले असतात : आतल्या बाजूची वक्रता, म्हणजे बेस कर्व्ह (बहुधा ८.३ ते ९ मिलिमीटर), आणि व्यास (बहुधा १४ ते १४.५ मिलिमीटर). चष्म्याच्या चिठ्ठीवर हे दोन्ही नसतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्याला रक्तवाहिन्या नसतात. तो प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत घेतो. लेन्स घट्ट बसली तर अश्रू खेळते राहत नाहीत, पडद्याला सूज येते, संध्याकाळी दिव्यांभोवती वलये दिसतात. सैल बसली तर प्रत्येक उघडझापीला नजर हलते. म्हणून लेन्स नंबराला नव्हे, बुबुळाला बसवायची असते.

तपासणी : हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला लावून स्लिट लॅम्पवर डोळा मोठा करून पाहतात. वरची पापणी उलटवून आतून बघतात. तिथे ॲलर्जीचे दाणे असले तर ते आधी बरे करावे लागतात. केरॅटोमीटरवर पारपटलाची वक्रता मोजली जाते. आडव्या आणि उभ्या दिशेच्या आकड्यांत फरक असणे हे सिलिंडर नंबराचे नेहमीचे कारण, आणि तो पुरेसा असेल तर टोरिक, म्हणजे दोन दिशांना वेगवेगळा नंबर असलेली लेन्स लागते. डोळा कोरडा आहे का हे पाहायला खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी ५ मिनिटे अडकवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. ५ च्या आत राहिली तर डोळा चांगलाच कोरडा.

चांगला डॉक्टर यंत्राइतकेच प्रश्नांवर भर देतो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर असता का? सातपूर-अंबडच्या कारखान्यात धूळ किंवा ठिणग्या उडतात अशा खात्यात काम आहे का? दुचाकीवर रोज किती जाणे होते? डोळे चोळायची सवय आहे का? शेवटचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. वर्षानुवर्षे डोळे चोळणाऱ्या तरुणांत पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा विकार, केरॅटोकोनस, आढळतो. नंबर सारखा बदलतो आणि चष्म्यानेही नीट दिसत नाही, अशी तक्रार घेऊन मूल आले की पारपटलाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी करतात. अशा डोळ्यांना सॉफ्ट लेन्स सहसा पुरी पडत नाही. सुमारे ९-१० मिलिमीटर व्यासाची, प्राणवायू आरपार जाऊ देणारी कडक लेन्स किंवा पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स लागते. तिथे फिटिंग खऱ्या अर्थाने कारागिरी होते : डोळ्यात फ्लोरेसिनचा पिवळा रंग सोडून निळ्या उजेडात पाहायचे, त्यात हिरवा दिसणारा हा रंग कुठे साचतो आणि कुठे लेन्स टेकून तो नाहीसा होतो हे बघायचे, आणि पुन्हा दुसरी लेन्स. कधी एकाच डोळ्यासाठी चार-पाच लेन्स घालून काढाव्या लागतात.

चाचणी आणि शिकवणी : चाचणीची लेन्स घातल्यावर लगेच निर्णय होत नाही. आधी डोळ्याला पाणी येते. ते थांबून लेन्स स्थिरावायला १५ ते २० मिनिटे लागतात. मग उघडझापीला ती किंचित, अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर, हलते का हे बघतात. खालच्या पापणीने हलकेच वर ढकलली तर सहज सरकून परत मध्यभागी यायला हवी. त्यानंतर लेन्सवरूनच पुन्हा नंबर तपासला जातो.

घालायला शिकणे हा सगळ्यांत धीराचा भाग. कॉलेजातली मुलगी आरशासमोर बसलेली, तर्जनीच्या टोकावर लेन्स, आणि बोट जवळ येताच पापणी आपोआप मिटते. ‘आरशात बघू नकोस, बोटाकडेही नको. वर घड्याळाकडे बघ. आता पापणी सोड, हळू.’ सोबत आलेली आई मागून विचारते, ‘अहो, टोचत तर नाही ना तिला?’ पहिल्या दिवशी एका डोळ्याला अर्धा तास लागणे अगदी स्वाभाविक आहे. लेन्स उलटी झाली आहे का ते कडेवरून कळते : सुलटी असेल तर वाटीसारखी उभी, उलटी असेल तर ताटलीसारखी कडेला पसरलेली. आणखी खात्री हवी असेल तर ती चिमटीत हलकेच दुमडावी. कडा करंजीसारख्या आत जुळल्या तर बाजू बरोबर. स्वतःच्या हाताने घालता आणि काढता आल्याशिवाय लेन्स घरी देऊ नये. काढता येणे घालण्याहून महत्त्वाचे.

पहिल्या दिवशी साधारण ४ तास, मग रोज तास-दोन तास वाढवत जायचे. हात साबणाने धुवून, धागे न सोडणाऱ्या कापडाने कोरडे करायचे. मिसळीच्या तर्रीचा हात नुसत्या पाण्याने जात नाही, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. काजळ लेन्स घातल्यावर लावावे आणि रात्री लेन्स आधी काढून मगच पुसावे. लग्न ठरले की लेन्स करून घ्यायची पद्धत आहे. तेव्हा निदान महिनाभर आधी यावे, आणि हळदीच्या दिवशी चष्माच घालावा.

पाणी : नाशिकमध्ये याबद्दल दोन शब्द जास्त सांगायला हवेत. नळाच्या, टाकीच्या, नदीच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. लेन्सच्या आडून तो पारपटलात शिरला तर डोळा वरून जितका बिघडलेला दिसतो त्या मानाने कितीतरी जास्त वेदना होतात, आणि उपचार महिनोन्महिने चालतात. गंगापूर धरणाचे पाणी शुद्ध होऊन नळाला येते, पण गच्चीवरच्या टाकीत ते साठतेच. म्हणून लेन्स किंवा तिची डबी पाण्याने धुवायची नाही, उकळलेल्यानेही नाही. फक्त लेन्ससाठीचे जंतुनाशक द्रावण, म्हणजे सोल्यूशन, तेही रोज नवे. डबी दर ३ महिन्यांनी बदलावी. रामकुंडात स्नानाला, वीर सावरकर जलतरण तलावावर पोहायला किंवा रंगपंचमीला जाताना लेन्स काढून ठेवावी. तिवंधा आणि शनी चौकातल्या पेशवेकालीन रहाडींत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदांत, धप्पा (उडी) मारणाऱ्याच्या डोळ्यात रंगाचे पाणी जाणारच, आणि सॉफ्ट लेन्स रंग शोषून घेते. २०२६-२७ च्या सिंहस्थात पर्वणीला उतरणाऱ्या लेन्सधारकांनी हे आधीच ध्यानात ठेवावे.

शेती : निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातली तरुण मंडळीही आता लेन्स मागतात. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, काडीचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते माणसाच्या डोळ्याला दाहक आहे. पुढे फवारण्या सुरू होतात. सॉफ्ट लेन्स स्पंजासारखी पाणी धरते, तशी औषधाचे तुषारही धरते. फवारणीच्या दिवशी बागेत लेन्स नको, बंद गॉगल हवा. हे शेतकऱ्याने न विचारता डॉक्टरांनी स्वतःहून सांगावे.

इतिहास : काचेची पहिली वापरता येण्याजोगी लेन्स ॲडॉल्फ फिक यांनी १८८८ मध्ये मांडली. ती डोळ्याचा पांढरा भागही झाकणारी, जड होती. १९४८ मध्ये केव्हिन टुओही यांनी फक्त पारपटलावर बसणारी प्लास्टिकची लेन्स आणली. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात मुलांच्या खेळण्यातले भाग आणि सायकलचा डायनामो जोडून घरीच यंत्र केले आणि त्यावर मऊ लेन्स तयार केल्या. आजची सॉफ्ट लेन्स तिथून सुरू होते.

रंगीत लेन्स : नंबर नसलेल्या, केवळ शोभेच्या लेन्सलाही हेच सगळे माप लागते. गॅदरिंगसाठी मैत्रिणीची लेन्स घालणे हा जंतू एका डोळ्यातून दुसऱ्यात नेण्याचा सरळ रस्ता आहे.

फेरतपासणी : आठवड्याने, महिन्याने आणि पुढे निदान वर्षातून एकदा. तपासणीला येताना लेन्स घालून यावे, म्हणजे ती दिवसभरात कशी बसते ते दिसते. चष्मा चालू नंबराचा करून जवळ ठेवावा. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले तर लेन्स लगेच काढावी, दुकानातून ड्रॉप आणून घालत बसू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. काढलेली लेन्स फेकू नये. डबी आणि सोल्यूशनच्या बाटलीसह ती बरोबर न्यावी, कारण जंतू कोणता हे कधी कधी डोळ्याआधी डबीच्या तपासणीतच सापडते.