नाट्यगत उपरोध

नाट्यगत उपरोध : रंगभूमीवरील किंवा पडद्यावरील पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असल्यामुळे पात्राच्या बोलण्याला व कृतीला जो दुसरा, बहुधा उलटा अर्थ प्राप्त होतो, त्यास नाट्यगत उपरोध म्हणतात. शाब्दिक उपरोधात बोलणारा जाणूनबुजून विरुद्ध अर्थाने बोलतो. येथे मात्र तो पूर्णपणे प्रामाणिक असतो. उपरोध निर्माण होतो तो ऐकणाऱ्याला असलेल्या माहितीमुळे. एखाद्या अनपेक्षित कलाटणीला किंवा दुर्दैवी योगायोगाला हे नाव देण्याची सवय सर्रास आढळते. ती चुकीची आहे, कारण कलाटणी प्रेक्षकालाही अनपेक्षित असते, तर नाट्यगत उपरोधासाठी प्रेक्षक पात्राच्या निदान एक पाऊल पुढे असावाच लागतो. म्हणूनच एखाद्या प्रवेशाचे या दृष्टीने विश्लेषण करताना कोणाला काय ठाऊक आहे आणि केव्हापासून, हे आधी ठरवावे लागते.

या अर्थाने उपरोधाची चर्चा अर्वाचीन आहे. कॉनप थर्लवॉल या इंग्रज विद्वानाने १८३३ मध्ये ग्रीक नाटककार सोफोक्लीझच्या उपरोधावर लिहिलेल्या निबंधापासून ती इंग्रजी समीक्षेत रुजली. तंत्र मात्र नाटकाइतकेच जुने असून, ‘राजा ईडिपस’ ही सोफोक्लीझची शोकात्मिका आजही त्याचा मानदंड मानली जाते. नकळत पित्याला मारून आईशी विवाह करणाऱ्या ईडिपसची दंतकथा ग्रीक प्रेक्षकाला ठाऊक होती, त्यामुळे पुढे काय घडणार हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. राजा नगरजनांसमोर आधीच्या राजाच्या, म्हणजे लायसच्या, मारेकऱ्याला शाप देतो आणि लायस हा जणू आपलाच पिता असल्याप्रमाणे आपण त्याच्यासाठी लढू, अशी ग्वाही देतो. त्याच्या दृष्टीने ही केवळ उपमा असते. प्रेक्षकाला मात्र ती वस्तुस्थिती म्हणून ऐकू येते.

या नाटकातील रचनेचे खरे कौशल्य ज्ञानाच्या उतरंडीत आहे. टायरेसियस या आंधळ्या भविष्यवेत्त्याला सत्य आरंभापासून ठाऊक असते आणि डोळस राजा त्यालाच आंधळेपणावरून हिणवतो. पुढे कॉरिंथहून आलेला निरोप्या, आपल्या हातून आईशी विवाह घडेल ही राजाची भीती घालवण्याच्या सद्हेतूने, तो त्याला वाढवणाऱ्या पॉलिबसचा पुत्र नसल्याचे सांगून टाकतो. हेतू दिलासा देण्याचा आणि परिणाम नेमका उलटा, म्हणून ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त परिस्थितीच्या विपर्यासाचे उदाहरण म्हणून हाच प्रसंग दिला आहे. निरोप्याचे बोलणे ऐकता ऐकता राणी योकास्टाला सारे उमगते. चौकशी थांबवण्याची ती विनवणी करते आणि आत निघून जाते. ईडिपसला वाटते, आपले कूळ हलके निघेल या लाजेने ती गेली. या क्षणी संबंधितांपैकी एकटा ईडिपसच अज्ञानात उरलेला असतो, आणि शोधाचा आग्रह धरणाराही तोच असतो.

संस्कृत नाट्यशास्त्रात या संकल्पनेला तंतोतंत जुळणारी संज्ञा नाही, पण ‘पताकास्थानक’ आणि ‘गंड’ या संज्ञा तिच्या बऱ्याच जवळ येतात. एका संदर्भात उच्चारलेले शब्द दुसऱ्याच, येऊ घातलेल्या गोष्टीला लागू पडावेत, अशी ही योजना होय. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात राम झोपी गेलेल्या सीतेकडे पाहून म्हणतो की, हिचे काय प्रिय नाही, असह्य आहे तो फक्त हिचा विरह. त्याच क्षणी प्रतीहारी (द्वारपालिका) येऊन ‘आला आहे’ अशी वर्दी देते. तिला सांगायचे असते ते दुर्मुख हा सेवक आल्याचे. पण रामाच्या ओठांवरचा शेवटचा शब्द ‘विरह’ असल्याने वाक्य त्यालाच जाऊन चिकटते. आणि दुर्मुखाने आणलेल्या लोकापवादाच्या वार्तेतून विरहच ओढवतो. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहारा’त दुर्योधन आपल्या मांड्यांचा उल्लेख करतो न करतो तोच कंचुकी ‘मोडले, मोडले’ म्हणत धावत येतो. कोणी मोडले, असे विचारल्यावर तो ‘भीमाने’ असे उत्तर देतो. प्रत्यक्षात मोडलेला असतो रथाचा ध्वज, आणि ‘भीम’ म्हणजे भयंकर वारा. दुसऱ्या उदाहरणातील श्लेष थोडा ठोकळेबाज वाटतो; भवभूतीने मात्र एका साध्या वर्दीतून तोच परिणाम साधला आहे.

कालिदासाची वाट वेगळी आहे. महाभारतातील शकुंतलोपाख्यानात शापही नाही आणि अंगठीही नाही. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात दुर्वासाचा शाप अनसूया आणि प्रियंवदा या सख्याच ऐकतात, आणि नवमालिकेला कढत पाणी कोण घालील, असे म्हणून तो शकुंतलेपासून लपवतात. यामुळे पाचव्या अंकातील राजसभेत तिन्ही बाजूंची माहिती असलेला एकटा प्रेक्षकच असतो. दुष्यंताला विवाह आठवत नाही, शकुंतलेला शाप माहीत नाही, आणि तिला सोडायला आलेल्या आश्रमवासीयांना राजा खोटारडा वाटतो. प्रत्येक जण आपल्या माहितीपुरता खरा असतो. दंतकथेने पुरवलेल्या माहितीवर विसंबण्याऐवजी नाटककाराने येथे प्रेक्षकाचे ज्ञान स्वतः घडवले आहे.

शेक्सपियरने दोन्ही मार्ग वापरले. ‘रोमिओ अँड ज्यूलिएट’ची नांदीच प्रेमिकांचा मृत्यू सांगून टाकते, तर थडग्यातील प्रवेशात ज्यूलिएट जिवंत असल्याची माहिती प्रेक्षकाला आधीच्या प्रवेशांतून मिळालेली असते. रोमिओला तिच्या ओठांवर अजून लाली दिसते, तो ती बोलूनही दाखवतो, आणि तरीही विष पितो.

शोकात्मिकेचे हे हत्यार प्रहसनात तितक्याच धारेने चालते. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ (१९१६) या नाटकाचा मोल्येरच्या फ्रेंच प्रहसनापर्यंत जाणारा सारा डोलारा गैरसमजांच्या साखळीवर उभा आहे. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचे परस्परांवरील संशय निराधार असल्याचे प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते, म्हणूनच त्यांचा त्रागा हसवतो. हेच प्रवेश ती खात्री काढून घेऊन बसवले, तर हसू मावळेल. शेक्सपियरच्या नाटकातील, कपटी इयागोला पदोपदी ‘प्रामाणिक’ म्हणणारा ऑथेल्लोही बिनबुडाच्या संशयानेच ग्रासलेला असतो. तेथे फरक पडतो तो परिणामांच्या किंमतीने.

चित्रपटात माहितीचे वाटप कॅमेरा आणि संकलन करतात. ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) या ऑर्सन वेल्सच्या चित्रपटाचा आरंभ तीन मिनिटांहून लांब अशा एकाच सलग दृश्याने होतो. एक हात बॉम्बचे घड्याळ लावतो, बॉम्ब मोटारीच्या डिकीत ठेवला जातो, आणि मग कॅमेरा ती मोटार व रस्त्यावरून रमतगमत चाललेले एक जोडपे यांच्या मागे-पुढे तरंगत राहतो. गर्दी, शेळ्या, सीमेवरची तपासणी हे सारे एरवी निव्वळ वातावरण ठरले असते. येथे प्रत्येक खोळंबा जीवघेणा होतो. दृश्य कोठेही तोडलेले नसल्याने पडद्यावरचा वेळ आणि बॉम्बचा वेळ एकच असतो, आणि प्रेक्षकाला त्यातून सुटका नसते.

आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या दीर्घ मुलाखतीत याचे गणितच मांडले होते. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो; तो आधी दाखवला तर तेच निरर्थक संभाषण पंधरा मिनिटे श्वास रोखून ऐकले जाते. ‘व्हर्टिगो’ (१९५८) या चित्रपटात त्याने हे तत्त्व धाडसाने राबवले. मूळ फ्रेंच कादंबरीत अखेरपर्यंत राखलेले नायिकेचे रहस्य त्याने चित्रपट बराच उरलेला असतानाच प्रेक्षकाला सांगून टाकले. ती कोण आहे याऐवजी नायकाला कळले तर काय होईल, हा प्रश्न पुढे आला. हा सौदा फायद्याचाच ठरला, असे म्हणावे लागते.

चार्ली चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’ (१९३१) मध्ये आंधळी फूलवाली मोटारीचे दार लागल्याच्या आवाजावरून समोरच्या भणंगाला श्रीमंत समजते. हा गैरसमज चित्रपटभर टिकतो. शेवटी दृष्टी आलेली तरुणी दुकानाबाहेरच्या त्या फाटक्या माणसाकडे पाहून हसते. प्रेक्षक मात्र तिच्याबरोबर हसू शकत नाही. तिला ओळख पटते ती डोळ्यांनी नव्हे, तर त्याच्या हातात नाणे ठेवताना झालेल्या स्पर्शाने.

दूरचित्रवाणीवर हे तंत्र दोन टोकांना गेलेले दिसते. ‘कोलंबो’ या अमेरिकी मालिकेचे भाग बहुधा खुनी दाखवूनच सुरू होतात. गुन्हा आधी व तपास मागाहून ही मांडणी आर. ऑस्टिन फ्रीमनच्या कथांतून १९१२ मध्येच पुस्तकरूपाने आली होती, परंतु पीटर फॉकच्या अभिनयाने तिला वेगळीच खुमारी आणली. गबाळा पोलीस अधिकारी निरोप घेऊन दारापर्यंत जातो आणि आणखी एक किरकोळ शंका विचारायला परततो. खुनी त्याला कमी लेखतो, प्रेक्षक लेखत नाही.

दुसरे टोक दैनंदिन मालिकांचे. तेथे प्रेक्षकाला ठाऊक असलेले गुपित महिनोन्‌महिने ताणले जाते आणि दाराआडून अर्धवट ऐकलेल्या वाक्यावर आठवडे काढले जातात. प्रेक्षक वैतागतो तो लांबणीमुळे तितका नाही, जितका पात्रांच्या अकारण मौनामुळे. एका प्रश्नाने सुटणारी गाठ कोणीच का सोडत नाही, याचे कारण पात्राच्या स्वभावात सापडले नाही की, ते केवळ लेखकाच्या सोयीत उरते. शकुंतलेच्या सख्यांपाशी गप्प राहण्याचे कारण होते, आणि ते मायेचे होते.