एका डिस्टिलरीच्या तीन व्हिस्की

सिंगल मॉल्टची, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीची, चव कुठून येते? जाहिरातींवर विश्वास ठेवला तर डोंगरातल्या झऱ्यातून. मला मात्र स्कॉटलंडच्या किंटायर द्वीपकल्पावरच्या कॅम्पबेलटाउन गावातली स्प्रिंगबँक ही १८२८ सालची डिस्टिलरी या समजुतीवरचा उत्तम उतारा वाटते. पाणी तेच, पात्रं तीच, माणसंही तीच. तरी बाहेर पडतात तीन निराळ्या व्हिस्की: स्प्रिंगबँक, लाँगरो आणि हेझलबर्न.

सुरुवात तिघींची सारखी. भिजवलेली बार्ली फरशीवर पसरून मोड येईपर्यंत फावड्यांनी खालीवर करतात. मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व ज्या घरात होतं, त्या घराला यात नवल वाटू नये. अंकुरताना दाण्यात अमायलेजसारखी एन्झाइम तयार होतात आणि पुढे कोमट-गरम पाण्यात तीच पिष्टमय पदार्थाची साखर करतात. बहुतेक डिस्टिलऱ्या आता मोड आणलेली बार्ली मोठ्या कारखान्यांकडून विकत घेतात. स्प्रिंगबँक सगळी स्वतःच करते.

मोड वेळेवर थांबवले नाहीत तर वाढणारं रोपच दाण्यातला पिष्टाचा साठा फस्त करेल. म्हणून दाणे भट्टीत वाळवतात, आणि इथेच तिघींच्या वाटा वेगळ्या होतात. हेझलबर्नला नुसती गरम हवा. स्प्रिंगबँकला आधी सुमारे ६ तास पीटचा धूर, मग गरम हवा. लाँगरोला धूरच सुमारे ४८ तास. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेली, अर्धवट कुजलेली झाडंझुडपं आणि शेवाळ. त्याच्या धुरातली ग्वायकॉल, क्रेसॉल ही फिनॉल गटातली संयुगं ओलसर दाण्यांना चिकटतात आणि पुढच्या सगळ्या उकळाउकळीतून तगून राहतात. अशा व्हिस्कीला दवाखान्याचा वास येतो म्हणून नाक मुरडणारे चुकत नाहीत. जुनी जंतुनाशकं याच कुळातली.

मग साखरेचं पाणी यीस्ट घालून आंबवतात (फळांसारखा वास देणारी एस्टर नावाची संयुगं इथली) आणि तांब्याच्या पात्रांत त्याचं ऊर्ध्वपातन होतं. लाँगरोचं दोनदा, हेझलबर्नचं तीनदा, स्प्रिंगबँकचं चक्क अडीचदा! ही अडीचकी म्हणजे शेवटच्या पात्रात जाणाऱ्या द्रवाचा सुमारे पाचवा भाग मधली फेरी चुकवून आलेला असतो. दर फेरीत जड रेणू मागे राहतात, म्हणून हेझलबर्न हलकी लागते. तांबंही नुसतं भांडं नसतं. उग्र वासाची गंधकयुक्त संयुगं ते पकडतं आणि त्या व्यवहारात स्वतः झिजत जातं. शेवटच्या फेरीतली सुरुवातीची आणि अखेरची धार बाजूला काढून फक्त मधली पिंपात भरतात.

पिंपांपाशी मात्र आपली ही नीटनेटकी तुलना बिघडते. कायद्याने स्कॉच ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरवावी लागते, पण आधी त्यात बर्बन (मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की) होती की शेरी (स्पेनची कडक वाइन), यावर चव बरीच बदलते. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन येतं, रंगही लाकडाचाच. शिवाय स्कॉटलंडच्या थंडीत दरवर्षी सुमारे २ टक्के द्रव उडून जातो. गोव्यात पॉल जॉन या डिस्टिलरीच्या पिंपांतून तो कितीतरी जास्त उडतो आणि लाकडाचे गुणही लवकर उतरतात. त्यामुळे गोव्याची ६ वर्षांची व्हिस्की स्कॉटलंडच्या १२ वर्षांच्या व्हिस्कीपेक्षा कच्ची असणार, हा हिशेब चालत नाही.