तपासणीचा अर्ज कधी करावा? – शाळकरी मुलांच्या पालकांसाठी

"मोठा झाला की येईल आपोआप." आमच्या केंद्रात आम्ही मुलांची अध्ययन अक्षमतेसाठी तपासणी करतो, म्हणजे समज चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडतंय का ते बघतो. इथे येणारे बहुतेक पालक हे वाक्य दोन-तीन वर्षं ऐकून मग येतात. पहिली-दुसरीत ते बऱ्याचदा खरंही ठरतं. घ आणि ध यांत गल्लत, वेलांटी विसरणं, पंचवीस ऐकून ५२ लिहिणं, हे त्या वयात पुष्कळ मुलांचं होतं. पंचवीस म्हणताना पाच आधी कानावर पडतो आणि वीस नंतर, त्यात मुलाचा काय दोष? (जोडसंख्यांच्या याच अडचणीपायी २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असंही वाचायची पद्धत आली.) तेवढ्यावरून तपासणीला धावू नका.

पण शाळेत आणि घरी सहा महिने नेटाने, वेगवेगळ्या पद्धतींनी शिकवूनही तिसरी-चौथीत तेच चालू असेल, तर मात्र थांबू नका.

चौथीतल्या एका मुलाची आई त्याच्या वह्या घेऊन आली होती. "आळशी आहे हो, बाकी काही नाही." आम्ही त्याला धडा वाचून दाखवला. सगळी उत्तरं त्याने तोंडी दिली, न विचारलेलीसुद्धा. मग त्यातलंच एक उत्तर लिहायला दिलं. वीस मिनिटांत दीड ओळ झाली. 'प्रकाश'चा 'पकाश', दोन शब्दांत जागा नाही, आणि पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या तीन पानांवर वळ उठले होते. इतकं दाबून लिहिणारं मूल आळशी नसतं. बोलण्यात आणि लिहिण्यात एवढी तफावत दिसत असेल, तर आणखी एक परीक्षा होऊ दे म्हणून वाट बघू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अर्जाआधी डोळे आणि कान तपासून घ्या. चष्मा लागल्यावर वाचन सुधारलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. नुकतंच माध्यम बदललं असेल किंवा आजारपणात शाळा बरीच बुडली असेल, तर मुलाला सावरायला थोडा वेळ द्या.

अध्ययन अक्षमता हा २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. तिचं प्रमाणपत्र वयाची आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. मदत मात्र त्याआधीही सुरू करता येते, तिला कागद लागत नाही. बोलणं उशिरा येत असेल तर आठ वर्षांचा हा हिशोब लावूच नका. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नंतर कळली की पालकांना त्रास होतो: आमचा अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ते शासनाने नेमून दिलेल्या रुग्णालयांतच मिळतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग आहे. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, अर्जाची पोच घ्या आणि शाळेचं पत्र सोबत न्या. बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, डॉक्टरांची तपासणी हे एका खेपेत होत नाही.

म्हणूनच दहावीत येऊन विचारणाऱ्या पालकांचं आम्हाला फार वाईट वाटतं. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. गरजेनुसार लेखनिकही घेता येतो. पण हे सगळं शाळेमार्फत आणि वेळेत मागावं लागतं. नववी सुरू होताना प्रमाणपत्र हातात असेल, अशा बेताने निघा. शिवाय चौथीत कळलं तर मधली पाच वर्षं शिकवण्याची पद्धत बदलायला मिळतात, आणि आमच्या मते खरा फायदा तोच आहे.

पहिल्या भेटीत आम्ही चाचणी घेत नाही, नुसत्या वह्या बघतो आणि मुलाशी गप्पा मारतो. या वर्षीच्या आणि गेल्या वर्षीच्या वह्या आणा. नीटनेटक्या निवडू नका, खाडाखोड केलेल्याच आणा. प्रगतिपुस्तकंही असू द्या. आणि मुलाला "फिरायला जाऊ" असं खोटं सांगून आणू नका. "लिहिताना तुला नेमकं कुठे अडतं, ते बघायला जातोय," असं सरळ सांगा. बहुतेक मुलं हे ऐकून स्वतःच दप्तर भरतात.