तंबोरा परदेशी न्यायचा तर: कोणते कागद, कुणाची परवानगी आणि बांधायचं कसं

भाचीचं मेलबर्नला जायचं ठरलं तेव्हा घरात व्हिसाची, तिकिटाची, तिथल्या थंडीची सगळी चर्चा झाली. तंबोऱ्याची झाली नाही. तो कोपऱ्यात गवसणी घालून उभा होता आणि तसाच विमानात चढेल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. जायला महिना उरला असताना अमळनेरहून काका आले. गवसणी काढली, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर नखानं टिचकी मारली आणि विचारलं, "हाई शिंग शे का हाड?"

कुणालाच माहीत नव्हतं. वाद्य परदेशी न्यायची सगळी प्रक्रिया या प्रश्नापासूनच सुरू होते. सतार, तबला, पेटी अशा नावांवर सरकारी नियम फारसे अडत नाहीत. वाद्य कशाचं बनलंय, किती जुनं आहे आणि ते परत येणार की नाही, यावर कोणता कागद लागेल ते ठरतं.

वाद्य कशाचं आहे

तंबोऱ्या-सतारीची घोडी पूर्वी हरणाच्या शिंगाची करत. आता बहुतेक उंटाच्या हाडाची, लाकडाची किंवा कृत्रिम द्रव्याची असते. दिसायला शिंग आणि हाड सारखीच पिवळसर, पण कायद्याच्या नजरेत फार वेगळी. चितळ-सांबराची शिंगं आपोआप गळलेली असली तरी ती आणि त्यांच्या वस्तू भारतातून बाहेर नेता येत नाहीत. घोडी शिंगाची निघाली तर परवानगीच्या मागे धावण्यात अर्थ नाही, ती बदलून घ्या. भाचीचा तंबोरा मिरजेचा होता. तिथल्या कारागिराला फोटो पाठवले तर त्यानं हाड असल्याचं सांगितलं आणि तसं लेटरहेडवर लिहूनही दिलं. दांडी तुणाची, तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) तुणाची, घोडी उंटाच्या हाडाची, भोपळा शेतातला, अशा चार ओळी. बाकी कुठल्याही सरकारी कागदापेक्षा याच चिठ्ठीचा आम्हाला जास्त उपयोग झाला.

हस्तिदंताचं जडावकाम असेल तर ते वाद्य घरीच राहू द्या. बहुतेक जुन्या वाद्यांवरचं पांढरं जडावकाम सेल्युलॉइडचं असतं, पण तसं लिहून देणारा कुणीतरी हवा. खंजिरीला घोरपडीचं कातडं असेल तर तेही नाही. घोरपड वन्यजीव कायद्यात सगळ्यात वरच्या संरक्षणात आहे. आपल्याकडे एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे मोरपीस. बासरीला हौसेनं बांधलेलं, पावरी या आदिवासी फुंकवाद्याला खोचलेलं. मोराच्या पिसांची निर्यात बंद आहे. सोडून घरी ठेवा, बासरीचा सूर काही बदलत नाही.

तबल्याचं खोड शिसवाचं असतं म्हणून बरेच जण घाबरतात. ती भीती पूर्वीची आहे. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाचं अख्खं कुळ साइटीस या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवाना लागणाऱ्या यादीत गेलं आणि जगभरचे वादक अडकले. मग २०१९ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत नियम सुधारला. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्य, त्याचे तयार भाग आणि तयार सुटं सामान यांना साइटीसचा परवाना लागत नाही. कच्ची फळी किंवा ओंडका मात्र यात बसत नाही, म्हणून तिकडे गेल्यावर खोड करून घेऊ म्हणत लाकूड नेऊ नका. जुन्या गिटारीत ब्राझिलियन रोझवुड असेल तर गोष्ट वेगळी. ते लाकूड १९९२ पासून पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे आणि वरची सूट त्याला नाही. अशा वाद्यासाठी कार्यक्रमांना ये-जा करणाऱ्यांना वाद्य प्रमाणपत्र नावाचा कागद मिळू शकतो, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. आपल्याकडे साइटीसचं काम केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे आहे, आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोचं विभागीय कार्यालय मुंबईत आहे. शंका असेल तर निघायच्या दिवशी विमानतळावर वाद घालण्यापेक्षा महिनाभर आधी त्यांना लिहून विचारलेलं बरं.

आजोबांची पेटी

खानदेशात गावोगावी भजनी मंडळं, त्यामुळे घरात आजोबा-पणजोबांची पेटी असणं नवलाचं नाही. इथे १९७२ चा पुराणवस्तू कायदा आडवा येतो. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमची पेटी तेवढी जुनी नसेल पण दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ही पुराणवस्तू नाही असं प्रमाणपत्र घ्यावं. त्यासाठी अर्ज, ओळखपत्राची प्रत, वाद्याचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो आणि वाद्य कुठून, कधी आलं याची माहिती द्यावी लागते. वस्तू प्रत्यक्ष दाखवायला बोलावतात, म्हणून मुंबईची एक जादा फेरी धरून चाला. पेटीच्या आत, भात्याच्या बाजूला बनवणाऱ्याची पट्टी चिकटवलेली असते. तिचा जवळून फोटो काढा; वय ठरवायला तीच कामाला येते.

परत आणणार असाल तर

शिकायला दोन वर्षं जाणारा, कार्यक्रमाला महिनाभर जाणारा आणि कायमचा जाणारा, तिघांचे कागद वेगळे. परत आणायचं वाद्य महागाचं असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परतताना हे बाहेरून विकत आणलं का, हा प्रश्न उरत नाही. ते चेक-इनच्या आधी करायचं असतं, कारण वस्तू डोळ्यांनी बघून खूण टिपतात. सामान पट्ट्यावर गेल्यावर उपयोग नाही. पासपोर्ट, बोर्डिंग पास किंवा तिकीट, वाद्याचं बिल आणि फोटो जवळ ठेवा. जुन्या वाद्याला बिल नसतं, मग कारागिराकडून किमतीचा अंदाज लिहून घ्या.

मंडळी बरीच वाद्यं घेऊन दौऱ्यावर जाणार असतील तर फिक्की ही उद्योगांची संघटना देते ते एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं जकात न भरता नेण्याचा कागद, बघावं. एक वर्षाच्या आत सगळं परत आणायची हमी त्यात असते. कायमचं जाणाऱ्यानं त्याच्या नादी लागू नये.

तिकडच्या सरकारचा अर्ज

कायमचं स्थलांतर असेल तर वाद्य घरसामानात धरलं जातं आणि बहुतेक देशांत जकात माफ होते. अट साधारण एकच, वाद्य आधीपासून तुमचं आणि वापरातलं हवं. ब्रिटनला निदान सहा महिने वापरातलं लागतं आणि तुम्ही १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेले हवेत. त्यासाठी टीओआर१ हा अर्ज जायच्या आधी करायचा. जर्मनी आणि इतर युरोपीय संघाच्या देशांतही याच मुदती आहेत, आणि माफी घेतलेली वस्तू वर्षभर विकता येत नाही. कॅनडात उतरताना बीएसएफ१८६ अर्जावर सोबतच्या आणि मागून येणाऱ्या अशा दोन्ही याद्या द्यायच्या. तबला मागून बोटीनं येणार असेल तरी पहिल्याच दिवशी यादीत लिहा. अमेरिकेला मागून येणाऱ्या सामानासाठी ३२९९ क्रमांकाचा फॉर्म, ऑस्ट्रेलियाला बी५३४.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जकातीपेक्षा जैवसुरक्षा, म्हणजे बाहेरची कीड-रोग आत न येऊ देणं, जास्त महत्त्वाची. तबल्याचं कातडं, भोपळा, हाडाची घोडी, लाकूड हे सगळं उतरताना कार्डावर जाहीर करायचं. जाहीर केलं की तपासतात आणि बहुधा सोडतात. लपवलं तर दंड, आणि व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. भाचीनं सगळ्या रकान्यांत हो लिहिलं आणि कारागिराची चिठ्ठी इंग्रजी भाषांतरासह पुढे केली. अधिकाऱ्यानं टॉर्च मारून भोपळ्याच्या आत पाहिलं, कीड नाही हे बघितलं आणि जा म्हणाला.

खोकं

ओळखीतल्या धुळ्याच्या एका तबलजींनी सुतार बोलावून जुन्या पॅलेटच्या फळ्यांचं मजबूत खोकं करून घेतलं. आत पेंढा. फोडायला दोन माणसं लागतील असं खोकं, आणि तिकडच्या बंदरावर नेमकं तेच अडलं. कच्च्या लाकडाच्या खोक्याला आंतरराष्ट्रीय नियम आहे: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटं द्यायची किंवा औषधाची धुरी, आणि वर गव्हाच्या लोंबीचा शिक्का. शिक्का नाही तर खोकं प्रक्रियेला जातं किंवा परत येतं, आणि खर्च मालकाचा. प्लायवूडला हा नियम लागू नाही, म्हणून सरळ प्लायचं खोकं करा. पेंढा, कडबा, केळीचा सोपट आणि सरकीसकटचा कापूस, म्हणजे आपल्याकडे फुकट मिळणारं सगळं, बाहेर ठेवा. धुतलेली गोधडी आणि फोम पुरतो.

विमानात चेक-इन सामानाची सर्वसाधारण मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर आणि एका नगाला जास्तीत जास्त ३२ किलो अशी असते. मोठ्या तंबोऱ्याचं खोकं १५० लांब, ४५ रुंद, ४५ उंच धरलं तर बेरीज २४० होते. म्हणजे मोठ्या मापाचं सामान म्हणून आधीच नोंद आणि जादा पैसे, किंवा शेजारचं आसन विकत घेणं. अमेरिकी विमान कंपन्यांना मार्च २०१५ पासून नियम आहे की छोटं वाद्य केबिनमधल्या जागेत मावत असेल तर ते घेऊ द्यावं लागतं. पण तो अमेरिकी कंपन्यांपुरता. इतरांशी बोलणं झालं तर फोनवर थांबू नका, ईमेल मागवा आणि छापून जवळ ठेवा.

तारा दोन-तीन सूर उतरवा, पण पार सैल सोडू नका, नाहीतर घोडी सरकते. घोडीच्या चारी बाजूंनी पेन्सिलीची बारीक रेघ मारा. सूर बारीक जुळवायचे मणी आणि जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली सरकवतात तो) काढून डबीत ठेवा. तबला उतरवून पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, पुठ्ठ्याची गोल चकती, वर फोम. मधल्या काळ्या शाईला दाब नको. पेटीचा भाता बांधा, खुंट्या आत ढकला, स्केल चेंजर असेल तर पट्टी कुलूपबंद करा. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची सुटी लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेत.

मे महिन्यात निघणार असाल तर जळगाव-भुसावळहून मुंबईपर्यंत वाद्य गाडीच्या डिकीत टाकू नका. ४५ अंशांत बंद डिकीत सरस मऊ पडतो आणि भोपळ्याचा सांधा उघडतो. रात्रीच्या रेल्वेत वातानुकूलित डब्यात, बर्थच्या आतल्या बाजूला घ्या. पार्सल डब्यात नाही. नंदुरबारकडची मंडळी सुरत-अहमदाबादहून जातात, त्यांनाही हेच.

पोचल्यावर खोकं लगेच उघडायचा मोह होतो. एक दिवस खोलीत तसंच राहू द्या. भाचीनं दुसऱ्या दिवशी उघडलं, रेघेवर घोडी बसवली आणि चौथ्या दिवशी षड्ज लागला. पंचमाची तार तुटलेली निघाली. सुट्या तारांचं पाकीट जळगावला कपाटातच राहिलं होतं.